सोसायटीवाली मॅडम

सुरतेच्या साडीवाल्याच्या नव्या मालाचे फोटो अवंतिकाने कॅनडातल्या योगशिक्षिकेच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवून दिले. दुपारची वेळ होती, जेवण नुकतंच झालं होतं आणि ती बसल्या बसल्या पेंगत होती. चूक तिला लगेच दिसली, पण तोवर मेल निघून गेले होते. ध्यानधारणेच्या शिबिराची वाट बघणाऱ्या लोकांना लाल-हिरव्या बांधणीच्या साड्या पोचल्या.

योगशिक्षिका रागावली नाही. तिने दोन ओळी लिहिल्या. मला माझं काम समजणारं माणूस हवंय, असं त्यात होतं. अवंतिकाने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी नुसतंच 'समजलं, क्षमा असावी' लिहून पाठवलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

अवंतिका ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये वडिलांबरोबर राहायची. वय पस्तिशीच्या पुढे. आधी एका ट्रॅव्हल एजन्सीत होती. ती बंद पडल्यावर घरूनच व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करू लागली. म्हणजे दूर कुठेतरी बसलेल्या माणसाचे मेल बघायचे, फोन करायचे, तिकिटं काढायची, याद्या भरायच्या. जो जे सांगेल ते ती करायची. साडीवाल्याचा माल फोटोंवरून मोजायची, इंदूरच्या एका क्लासवाल्यासाठी पालकांना फोन करायची, एका रिटायर्ड कर्नलसाहेबांच्या आठवणी टाईप करून द्यायची. कामं कमी नव्हती. पण प्रत्येकाचं थोडं थोडं होतं, आणि एकातून डोकं काढून दुसऱ्यात घालण्यातच तिचा दिवस संपायचा. संध्याकाळी वडिलांनी, म्हणजे मधुसूदनरावांनी, साधं काही विचारलं तरी तिला आधी आठवावं लागायचं की आपण आत्ता कोणासाठी बोलतोय.

त्या आठवड्यात ती फूलबागेत सोनलला भेटली. सोनल कॉलेजपासूनची मैत्रीण, शिंदे की छावनी भागातली. तीही हेच काम करायची, पण तिच्याकडे लोक स्वतःहून यायचे.

"मी फक्त ऑनलाइन कोर्स विकणाऱ्यांचं काम करते," सोनल भेळेचा कागद चुरगळत म्हणाली. "बाकी कोणी आलं तर सरळ ना. तू सगळ्यांचं सगळं करतेस, म्हणून किसीको तू याद ही नहीं रहती. कोणी विचारलं ना, अवंतिका काय करते, तर मी काय सांगू? सब कुछ? सब कुछवाली को कौन ढूँढता है, यार?"

"मग काय धरू?"

"ते मी कशी सांगणार? तुला काय येतं ते बघ."

अवंतिका घरी येऊन विचार करत बसली. तिला मेल लिहिता येत होते, फोनवर बोलता येत होतं, तिकिटं काढता येत होती. हे सगळं सगळ्यांनाच येतं. शेवटी तिने डॉक्टर धरले. डॉक्टरांची असिस्टंट म्हटलं की जरा मानाचं वाटतं, आणि पुण्या-नाशिकच्या डॉक्टरांना मराठी बोलणारं माणूस लागणारच, असा तिचा हिशोब. तिने नेटवरचं प्रोफाइल बदललं, बऱ्याच दवाखान्यांना लिहिलं. पुण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिला महिनाभरासाठी ठेवून बघायचं कबूल केलं. पेशंटना फोन करून अपॉइंटमेंटची आठवण करून द्यायची, एवढंच काम.

पहिल्या दिवशी ती जरा तयारी करूनच बसली. "नमस्कार, मी दवाखान्यातून बोलून राहिले आहे. आपला नंबर उद्या साडेपाचला लागून जाईल. आपल्याशी विचारायचं होतं, आपण येऊन जाल ना?"

पलीकडे कोणी पुन्हा विचारायचं, कोणी हसायचं. एक बाई म्हणाल्या, "अहो, हिंदीत बोला, चालेल मला." अवंतिकाला कळेना की आपण हिंदीत बोललो कुठे.

महिना संपायच्या आत डॉक्टरबाईंचा फोन आला. त्या वाईट नव्हत्या, घाईत होत्या. "तुमचं काम नीट आहे हो. पण पेशंट विचारतात की ही मुलगी कुठली. दवाखान्याचं एक इम्प्रेशन असतं ना. सॉरी हं."

त्या रात्री जेवताना अवंतिकाने विचारलं, "बाबा, आपलं मराठी खराब आहे का?"

मधुसूदनरावांचा घास हातातच राहिला. त्यांचे पूर्वज पूजा सांगायला महाराष्ट्रातून शिंद्यांच्या दरबारी आलेले, आणि घरात मराठी टिकली याचा त्यांना फार अभिमान होता. "कोण म्हणालं?"

"पुण्याची डॉक्टर."

"माझी आजी असंच बोलायची," ते म्हणाले. ताट उचलताना पुटपुटले, "आम्ही तर घरात हिंदी बोलूच नाही दिली कधी."

अवंतिकाने प्रोफाइलवरून डॉक्टर काढून टाकले. त्या जागी काय लिहावं हे सुचेना, म्हणून ती जागा तशीच रिकामी राहिली. साडीवाला होताच, क्लासवाला होताच. ती पुन्हा माल मोजायला लागली.

मग एक दिवस पुण्याहून फोन आला. "ओळखलंत का? मी पांडुरंगराव देवधर. अंगावर पुरळ आलं होतं म्हणून त्या डॉक्टरीणबाईंकडे जायचो. तुम्ही मला आठवण करून द्यायचात."

अवंतिकाला आठवले. ग्वाल्हेरचं नाव ऐकून अर्धा तास बोलत बसलेले गृहस्थ.

"आज फोन कुणा दुसऱ्याच मुलीचा आला. तुम्ही तिथे नाही म्हणाली. म्हणून विचारतो. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. कुणी व्हायला तयार नाही म्हणून वर्षानुवर्षं मीच आहे. मेंटेनन्सची आठवण करून द्यायची, नोटिसा काढायच्या, प्लंबरच्या मागे लागायचं, सभेचं इतिवृत्त लिहायचं. बायकोचे गुडघे गेलेत, माझे डोळे. मी थकलोय हो. तुम्ही कराल का हे?"

"करेन. पण काका, माझं मराठी..."

"ते मी बघतो."

ते खरंच बघायचे. तिने लिहिलेल्या पहिल्या नोटिशीत 'टाकी साफ होऊन राहिली आहे' असं होतं. पांडुरंगरावांनी फोन करून सांगितलं, "'टाकीची सफाई चालू आहे' असं लिहा. आणि 'पाणी भरून ठेवून घ्या' नको. नुसतं 'पाणी भरून ठेवा'." त्यांच्या सुरात टोमणा नसायचा. अवंतिका हसायची, दुरुस्त करायची आणि पुढच्या नोटिशीत नवी चूक करायची. मेंटेनन्स न भरणाऱ्यांना फोन करताना मात्र तिची भाषा कुणाला खटकली नाही. पैसे भरायचे टाळणारा माणूस बोलणाऱ्याच्या व्याकरणाकडे बघत नाही. अर्ध्या सोसायटीत भाडेकरू होते, तेही बाहेरगावचे. ते तर हिंदी ऐकून सुटकेचा श्वास सोडायचे.

पावसाळ्यानंतर सोसायटीत एक प्रकरण झालं. रात्रपाळीच्या वॉचमनने पंप चालू केला आणि बंद करायचं राहून गेलं. टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यातून लिफ्टच्या खड्ड्यात गेलं, लिफ्ट बंद पडली. तळमजल्यावरच्या एका कुटुंबाच्या घरात पाणी शिरलं ते वेगळंच. रविवारी सकाळी कमिटीची तातडीची सभा भरली. अवंतिका व्हिडिओवरून इतिवृत्त लिहायला बसली होती. वॉचमनला काढून टाकायचं, हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

त्याला आत बोलावलं. रामवीर नाव. किडकिडीत, टोपी हातात धरलेली. कमिटीतले एक सभासद त्याच्यावर आपल्या हिंदीत ओरडले, "पंप चालू रखके तुम सोया कैसा?"

तो खाली बघत म्हणाला, "गलती है गई साब."

'हो गई'ऐवजी 'है गई' ऐकताच अवंतिकाची टाईप करणारी बोटं थांबली. असं तर ग्वाल्हेरला भाजीवाला बोलतो, दूधवाला बोलतो, कॉलनीचा चौकीदार बोलतो. तिने माइक सुरू केला आणि ग्वाल्हेरशेजारच्या जिल्ह्याचं नाव घेतलं. "भैया, मुरैना के हौ का?"

रामवीरने मान वर केली. आवाज कुठून आला ते त्याला कळेना. पांडुरंगरावांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"अम्बाह के हैं, दीदी."

"हम ग्वालियर ते बोल रहे. सो कैसे गए थे?"

मग तो बोलायला लागला. दिवसपाळीचा दुसरा वॉचमन काम सोडून गेल्यापासून दिवस आणि रात्र दोन्ही तोच करत होता. एजन्सीला सांगून झालं होतं, माणूस येतो येतो म्हणत होते. त्या रात्री पंप लावून खुर्चीत बसला आणि डोळा लागला. एवढंच.

"काय म्हणाला?" कुणीतरी विचारलं.

अवंतिका सांगू लागली, "तो सांगून राहिलाय की... म्हणजे, तो म्हणतोय की..."

"मॅडम," ओरडणारे सभासद म्हणाले, "तुम्ही मिनिट्स लिहायला आहात ना? मग लिहा."

तिने खरंच लिहायला घेतलं: वॉचमनला बोलावण्यात आले.

"त्यांना बोलू द्या," पांडुरंगराव म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच दमलेला होता. "सांगा अवंतिकाताई. जसं येईल तसं सांगा."

तिने सांगितलं. निम्मं मराठी, निम्मं हिंदी, एका वाक्यात दोनदा अडखळून. पण सगळं सांगितलं. दिवसा गेटवर तोच असतो हे सगळ्यांनी रोज पाहिलं होतं, रात्रीही तोच असतो हेही पाहिलं होतं. तरी दोन्ही एकत्र करून कुणी बघितलं नव्हतं. तळमजल्यावरच्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "ते सगळं खरं असेल. माझ्या गाद्या भिजल्या त्याचं काय?" आणि त्यांचंही बरोबर होतं.

शेवटी असं ठरलं की रामवीर राहील, फक्त दिवसपाळी करेल. एजन्सीला कडक पत्र जाईल, आणि ते अवंतिका लिहील. पत्र तिने दोन्ही भाषांत लिहिलं. चार दिवसांत रात्रीचा माणूस आला.

रामवीरने मात्र दिवाळीला गावी म्हणून सुट्टी घेतली आणि तो परत आलाच नाही. अवंतिकाने फोन केला, तर नंबर बंद. तिला वाईट वाटलं. पांडुरंगरावांनी विचारलं तेव्हा ती चिडून म्हणाली, "निदान सांगायचं तरी, काका. मी त्याच्यासाठी एवढं बोलले."

"त्याला दुसरीकडे बरं काम मिळालं असेल," पांडुरंगराव म्हणाले. "मलाही मिळालं असतं तर मी गेलो असतो." आणि मग त्यांनी सांगितलं की पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिचा नंबर मागतायत. त्यांच्याकडे पार्किंगवरून दोन मजले एकमेकांशी बोलत नाहीत.

सोनलला हे कळल्यावर ती आधी हसलीच. "सोसायटी? वो झगड़ेवाली? यार अवंतिका, लोक पॉडकास्ट धरतात, डॉक्टर धरतात. तू भांडणं धरणार?"

"मी धरली नाही गं. ती येऊन राहिली आहेत."

"आणि तुला ते आवडतं?"

अवंतिकाने खरं काय ते शोधून बघितलं. सोसायट्यांची भांडणं ऐकून डोकं दुखायचं. एकाच गळक्या पाइपाबद्दल तीच तक्रार तिसऱ्यांदा ऐकताना तिला जांभई यायची आणि ती दाबताना डोळ्यांतून पाणी यायचं. पण ते सगळं एकाच तऱ्हेचं होतं. सेक्रेटरीला काय हवंय, भाडेकरू काय म्हणेल, प्लंबर कुठली थाप मारेल, हे तिला आता आधीच कळायचं. एकातून डोकं काढून दुसऱ्यात घालावं लागत नव्हतं.

"आवडत नाही," ती म्हणाली. "येतं."

तिने प्रोफाइलवरचं बाकी सगळं काढलं आणि रिकाम्या जागी लिहिलं: गृहनिर्माण सोसायट्यांच्या सेक्रेटरींना मदत. नोटिसा, सभा, वसुली, वॉचमन, प्लंबर. मराठी आणि हिंदी. पांडुरंगरावांना वाचून दाखवलं. त्यांनी या वेळी काही बदललं नाही. मधुसूदनरावांना दाखवलं, तर ते चष्मा लावून म्हणाले, "लोकांच्या भांडणांत कशाला पडतेस?" मग 'मराठी' या शब्दावर बोट ठेवून थोडा वेळ तसेच बसले.

साडीवाल्याला नाही म्हणणं सगळ्यात कठीण गेलं. तो माणूस चांगला होता आणि काम नेमाने द्यायचा. अवंतिकाने दोन दिवस फोन टाळला, आणि तिसऱ्या दिवशी केला. क्लासवाल्याला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. कर्नलसाहेबांच्या आठवणी तेवढ्या ठेवल्या. ते सियाचेनपर्यंत आले होते आणि अर्ध्यावर सोडणं तिला बरं वाटेना. पहिले काही आठवडे कुणीच आलं नाही. तिला रोज वाटायचं की आपण वेडेपणा केला. मग पलीकडच्या सोसायटीने काम दिलं, त्यांच्याकडून कळून पिंपरीच्या एकांनी, आणि थंडी सरता सरता नागपूरहूनही विचारणा झाली.

मार्चमध्ये एके दुपारी नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. सोनलने कुठेतरी नाव सांगितलं होतं. "त्या सोसायटीवाल्या मॅडम तुम्हीच ना? आमच्याकडे गच्चीवर वाळवणं घालण्यावरून सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या हो. इतिवृत्तात काय लिहू, ते सुचत नाहीये मला."

अवंतिका खिडकीपाशी उभी होती. बाहेर ऊन चढलं होतं आणि मधुसूदनराव आतल्या खोलीत घोरत होते. खुर्च्या नक्की कुणी फेकल्या, लागलं का कुणाला, पुढची सभा कधी, एवढं तिने विचारून घेतलं.

"आज काहीच लिहू नका," ती म्हणाली. "आणि कुणाला फोनही करू नका. उद्या सकाळी आपण बोलू."

"आत्ता नाही जमणार?"

"आत्ता नाही. मी थोडी झोपणार आहे."

मग बाई म्हणाल्या, "खरंच, मीही झोपते." अवंतिकाने फोन बंद केला, पडदा ओढला आणि आडवी झाली.