नऊ बटणं

आवळेकाकांचं खरं आडनाव फक्त हजेरीपत्रकाला ठाऊक होतं. कारखान्यात सगळे त्यांना आवळेकाका म्हणत, कारण एकतीस वर्षं त्यांनी नट आवळण्यापलीकडे दुसरं काही केलं नव्हतं. आता नट आवळण्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत डोकं घालून बघावं. घराएवढी लोखंडी टाकी, आत तांब्याची वेटोळी, त्यांच्यावर कागदाचं पांघरूण, आणि मधल्या हातभर फटीत आडवं होऊन नट असा बसवायचा की पाव फेरा जास्त नाही की कमी नाही. कंपनी बारा देशांत पसरलेली, मोठे साहेब समुद्रापलीकडे. पण टाकीचं झाकण बसायचं ते काकांनी ‘झालं’ म्हटल्यावरच.

टाकीच्या खोलीचा एक नियम मात्र फार कडक. आत काही म्हणजे काही राहता कामा नये. एकदा तेल भरलं की आत पडलेली एवढीशी वस्तू तेलाबरोबर फिरते, नको तिथे अडकते, आणि मग अर्ध्या शहराचे दिवे जातात. म्हणून हत्यारं दोरीने मनगटाला बांधायची, अंगठी-घड्याळ बाहेर ठेवायचं, अंगावर कंपनीचा बिनबटणाचा डगला चढवायचा, आणि आतल्या शर्टाची बटणंसुद्धा दारावरच्या वहीत लिहायची. जाताना किती, येताना किती. काकांची ओळ ठरलेली होती: चष्मा एक, बटणं नऊ. पुढची सात आणि बाह्यांची दोन.

खरं सांगायचं तर काका ती कधी मोजत नसत. मोजायची वेळच आली नव्हती. बटण सैल पडायचा अवकाश, काकी ते घट्ट करून टाकायच्या. काकांना त्याचा पत्ताही लागत नसे. काकी गेल्या त्याला पाच महिने झाले. कपाटात काकांचे आणखी शर्ट होते, पण त्याच कपाटात काकींचेही कपडे होते, आणि ते दार उघडायचं म्हटलं की काकांचा हात मागे यायचा. म्हणून बाहेर राहिलेला एकच शर्ट रोज संध्याकाळी धुवायचा, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालायचा. कारखान्यात आलं की बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, डगला चढवायचा आणि वहीत नऊ लिहायचे.

त्या दिवशी टाकी बंद व्हायची होती. क्रेनने झाकण उचललेलं, सहा वाजता तेल सोडायचं ठरलेलं. शेवटच्या दिवशी दारात फोरमन उभा राहतो आणि प्रत्येकाला हाताने चाचपून मोजायला लावतो.

“काका, तुमची नऊ ना?” फोरमनने वहीतून मान वर न काढता विचारलं. लिहूनसुद्धा टाकले असते बिचाऱ्याने.

काकांनी डगला काढला, बाह्या सोडल्या, बोटं फिरवली. उजव्या मनगटाशी दोन दोऱ्यांची टोकं तेवढी लागली. नऊ म्हणून मोकळं होता आलं असतं. तुम्ही-आम्ही झालोही असतो, उगाच कशाला सोंग घ्या! वरून नियम असा, की ज्याची वस्तू हरवली त्याला पुन्हा टाकीत उतरू द्यायचं नाही. त्याची रवानगी गोदामात, खोकी लावायला. आणि टाकी सुटली तर काकांकडे उरत काय होतं? ते नसले तर काहीतरी अडेल अशी जगात तेवढी एकच जागा होती. घरी ते पोचले काय न पोचले काय, भिंतींना फरक पडत नव्हता. रविवारी मुलाचा परदेशातून फोन यायचा, “जेवलात ना?” म्हणून, आणि “हो” म्हटलं की संपायचा.

“आठ,” काका म्हणाले.

फोरमनने मान वर केली. “काका, चेष्टा नको हं. क्रेनला झाकण लोंबकळतंय तिकडे.”

“आठच आहेत. उजव्या बाहीचं नाही.”

“पण सकाळी तर नऊ लिहिलेत. मोजली होतीत ना?”

काका खाली बघत राहिले. “नव्हती मोजली.”

“अहो, मग आता अख्खी टाकी खोलून शोधायची? आठवडा जाईल! बरं, असं करा, घरी फोन लावा. निघताना कुणीतरी बघितलंच असेल ना, बटण होतं का…”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते असं. बोलून गेला आणि ओठ चावला. काकींना पोचवायला तो स्वतः आला होता.

“लावतो की,” काका म्हणाले. “वाजेलही. उचलणार कोण?”

मग फोरमनने बाकीच्यांना विचारलं. अकरा जण होते. वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवणारे अकरा जण. ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. काकांची बाही कुणीच बघितली नव्हती.

शेवटी फोरमनलाच आठवलं. गेटवर कार्ड टेकवायचं मशीन, आणि त्याच्या डोक्यावर कॅमेरा. दोघं तडक गार्डबाईंच्या खोलीत गेले. बाईंनी पडद्यावर सकाळ काढली. काकांनी कार्ड पुढे केलं, आणि हाताखाली बाही उघडी लोंबत होती. कालची सकाळ काढली, तीच बाही. या टाकीचं काम सुरू होऊन बारा दिवस झाले होते, म्हणून त्याच्याही आधीचा, तेरावा दिवस काढला. लोंबतच होती.

“हुश्श!” फोरमनचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे बटण आपल्याकडे पडलंच नाही. वाचलात काका! तुमची टाकी तुमचीच. फक्त यापुढे मोजत जा हो, देवा!” आणि क्रेनवाल्याला फोन लावत तो पळालाच.

काका उठले नाहीत. सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना. “अजून मागे न्या ना,” ते म्हणाले.

बाई एकेक सकाळ मागे नेत गेल्या. माणसं दोघं-दोघं, तिघं-तिघं यायची, हसत, एकमेकांना ढकलत. मध्ये एक म्हातारा एकटा यायचा, कार्ड टेकवायचा, जायचा. ओल्या फरशीला वळसा घालावा तशी माणसं त्याच्या बाजूने निघून जायची. काकांना त्याची फार दया आली. तो आपणच, हे ठाऊक असूनही आली.

“मी रोज बघायचे हो ती बाही,” बाई हळूच म्हणाल्या. “वाटायचं, सांगावं. मग वाटायचं, आपण कोण सांगणारे?”

विसावा दिवस, पंचविसावा, तिसावा. मग पडदा काळा झाला.

“आणि त्याच्या आधीचं?”

“ते नाही राहत, काका. तीस दिवसांचंच असतं, आधीचं आपोआप पुसलं जातं. पण तुमचं काम तर झालं की. अजून कशाला हवंय?”

“ती असतानाचा एखादा दिवस मिळतो का बघत होतो,” काका म्हणाले. “घरून कुणीतरी नीट बघून पाठवलं की मी कसा दिसायचो, ते बघायचं होतं.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, काकांचा उजवा हात टेबलावर घेतला आणि ती उघडी बाही दुमडायला लागल्या. एक घडी, दुसरी घडी, अगदी कोपरापर्यंत. काकांनी हात तसाच राहू दिला.