फरहा गेली, खुर्ची राहिली

मित्रांनो, मी जुनी लाकडी खुर्ची. साधी नाही हां. दोन्ही बाजूंना फळ्या, पुढे टेबल, छातीला पट्टा. गव्हाणच्या काशिराम सुताराने मला फरहाच्या मापाने बनवलं. तिची मान एका बाजूला पडायची. "पोरगी खाली पराय नाय पायजे, बास," एवढंच तो बोलला.

आमची शाळा पनवेलची. तिसरीच्या वर्गात फरहा माझ्यात बसली आणि तिने पहिल्यांदा फळा सरळ बघितला. त्याआधी तिला भिंतीला टेकवून ठेवायचे, दिसायचा फक्त पंखा. तिला बोलता यायचं नाही, पण डोकं एकदम तेज. बाईंनी एकदा सात आठे चोपन्न लिहिलं. फरहाने माझ्या टेबलावर हात आपटला. धप्प! पोरं खिदळली. बाई नाही हसल्या, चोपन्न पुसून छप्पन्न लिहिलं.

तपासणीला साहेब आले की मला पुसायचे, तिला रिबन बांधायचे, फोटो काढायचे. साहेब गेले की आम्ही दोघी दाराच्या मागे.

मग २०१२ साली नवीन नियमाची चर्चा सुरू झाली. जास्त अपंग मुलांना घरी शिकणं निवडता येईल म्हणे. निवडता! हेडसरांनी नेमका तोच शब्द गिळला. फरहाच्या आईला, फहमिदाला, आमच्या वर्गातच बोलावून घेतलं.

"ताई, सरकारच बदलतंय. आता मास्तर तुमच्या दारात येणार. इथे सही करा."

"पण सर, फरहाला स्कूल आवडतं."

"तिला काय कळतंय?"

धप्प!

"बघा, बाकीच्यांना त्रास होतो."

फहमिदाने माझ्या टेबलावरून हात फिरवला. मग तिने हळूच विचारलं, "खुर्ची घरी मिळेल ना?"

"मिळणार की!"

तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी ती सुकापूरहून टेम्पो घेऊन आली. क्लार्क प्रभाकरने माझ्या पाठीवरचा रंगवलेला नंबर दाखवला. "डेडस्टॉकच्या वहीत नोंद आहे हिची. शाळेची वस्तू गेटबाहेर जात नाही."

"मग माझी बेटी कशी गेली?"

"तिच्यावर कुठे नंबर रंगवलाय?" असं बोलून हा माणूस हसला. टेम्पो रिकामा परत गेला.

मास्तर त्यांच्या दारात दोनदाच गेला. दुसऱ्यांदा तर फोटोपुरताच. फरहाची धाकटी बहीण रुमाना आमच्याच शाळेत आहे. तिने एकदा येऊन मला लाथ घातली. "तू इथे काय करतेस? आपा घरी उशीवरून खाली पडते!"

काय सांगू तिला? माझ्यावर खिचडीचं पातेलं ठेवतात. माझ्या पट्ट्याने तुटकी खिडकी बांधलीय.

आई-बापांनो, नवीन नियम येतोय असं कोणी बोललं तर आधी कागद मागा. घरी न्या, चार जणांना वाचायला लावा. नको असेल तर 'नको' लिहून द्या, आणि त्याची पोच घ्या. "मिळणार की" कुठल्याच कागदावर नसतं.

माझी काळजी करू नका. दर मार्चला प्रभाकर येतो, माझा नंबर बघतो, 'आहे' म्हणून टिक मारतो. वर्गाच्या हजेरीत फरहाच्या नावापुढेही रोज तशीच टिक असते.