‘नाही’ न म्हणणाऱ्या बाईची खवणी

मित्रांनो, मी एक जुनी खवणी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी वैतागलेली आहे. जन्मभर ओला नारळ खवला म्हणजे कोणी गोड होत नाही. त्यातून माझ्या मालकिणीसारखी मालकीण मिळाली असती, तर तुम्हीही असेच करवादला असता.

आमचं बेट फिजीच्या पूर्वेकडच्या समुद्रात आहे. तिथल्या तानिएला नावाच्या कोळ्यानं मला घडवलं. वेसीचं लाकूड म्हणजे कुऱ्हाडीला घाम फोडणारं लाकूड, त्यातून त्यानं माझं बसकं अंग कोरलं. प्रवाळाच्या रांगेवर आपटून फुटलेल्या एका जहाजाचं लोखंड आणून त्यानं माझं पातं ठोकलं आणि कानशीनं एकेक दाता काढला. लग्न होऊन घरी आलेल्या आपल्या बायकोला, उलामिलाला, त्यानं मला भेट दिलं. ती माझ्यावर बसली, पहिलीच वाटी फिरवली आणि बोट कापून घेतलं.

“अगं बाई! ही तर चावते!” ती ओरडली.

“मग? तुला सोबत नको का?” तानिएला म्हणाला.

“मी चावत नाही, नुसती ओरबाडते. थांब, दाखवते!” असं म्हणून ती करवंटी घेऊन त्याच्या मागे धावली. उलामिलाची जीभ तेव्हा माझ्या पात्याहून धारदार होती.

माझी उमेदीची वर्षं मोठी छान गेली. सकाळी कुला पोपट माडाच्या फुलोऱ्यात कलकलाट करायचे आणि खाली आमची खसखस सुरू व्हायची. अळूची पानं असोत, मासे असोत नाहीतर विलायती फणस, आमच्याकडे नारळाच्या दुधाशिवाय चूल पेटत नाही. “उलामिलाच्या खवणीचा कीस म्हणजे लोणी,” असं गावातल्या बायका म्हणायच्या. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. पण मित्रांनो, आमच्या बेटावर कौतुक ही फार महागात पडणारी वस्तू आहे. कौतुक झालं की मागोमाग मागणी येते.

आमच्यात ‘केरेकेरे’ म्हणून हात पुढे केला की समोरच्यानं ती वस्तू द्यायची. नाही म्हटलं तर जीभ झडत नाही, पण त्या घराची पार लाज जाते. तसा हा रिवाज वाईट नाही. आज तुझी होडी माझी, उद्या माझी डुकरीण तुझी. सगळं गाव असंच एकमेकांच्या आधारानं उभं आहे. पण देणारीनं कधीतरी मागायलाही हवं की नाही? आमची उलामिला मागायची नाही. तिला मागायची लाज वाटायची आणि नाही म्हणायचीही लाज वाटायची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती या बाईच्या घरी कायमची मुक्कामाला आली होती.

एका चक्रीवादळात तानिएला समुद्रावरून परतला नाही. त्याची होडी मागाहून सापडली, तो सापडला नाही. मौतीला आलेली माणसं दिवस होईपर्यंत राहिली, रडली, जेवली, आणि मग केरेकेरे सुरू झालं. त्याचा चुलतभाऊ पेनी होडी घेऊन गेला. कोणी जाळं नेलं, कोणी कंदील, कोणी कुऱ्हाड. शेजारची सेरेइमा तर दारातूनच म्हणाली, “ताई, तो भाला दे गं. नुसता भिंतीला टेकून काय करणार?” उलामिलानं भाला दिला, वर दोन विलायती फणसही दिले.

त्यांच्यापैकी कोणी वाईट नव्हतं. हिनं तोंड उघडून एकदा जरी सांगितलं असतं, तरी त्यांनी वस्तू जागेवर ठेवल्या असत्या. पण नाही! शेवटी तानिएलाच्या हातची मी एकटीच उरले. रोज सकाळी ती माझ्यावर बसायची, नारळ नसला तरी बसायची. हात फिरवायची माझ्या कोरीव कडेवर. त्या दिवसांत तिनं कोणाला टोमणा मारला नाही की हसली नाही.

आणि अशात वाइसाले आला.

वाइसाले पलीकडच्या बेटावरचा, आमचा तौवू. म्हणजे त्याच्या गावाचा आणि आमच्या गावाचा मूळ देव एकच. तौवू भेटले की एकमेकांना मनसोक्त शिव्या घालायच्या, हवं ते उचलून न्यायचं आणि कोणी रागवायचं नाही. रागावला तो हरला.

त्याची होडी खडकांच्या फटीतून आत येताना दिसली, तशी उलामिला दचकून उठली. तिनं मला पदराखाली घ्यावं तसं कमरेच्या कापडात गुंडाळलं आणि घरामागच्या केवड्याच्या बनात, मुळांच्या जाळीत खुपसलं. मला धुतलंही नव्हतं! दात्यांत कीस तसाच. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई काहीतरी लपवत होती आणि तेही असं अर्धवट.

“काय गं म्हातारे, अजून हिंडतेस? मला वाटलं, तुला शार्कनंसुद्धा थुंकून दिलं असेल!” वाइसालेचा आवाज बनापर्यंत आला.

पूर्वीची उलामिला असती तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. ती नुसती “ये, बस,” म्हणाली.

जेवायला तिनं नुसती उकडलेली अळूची पानं वाढली. वाइसाले म्हणाला, “हे काय? तुमच्या बेटावरचे माड संपावर गेले का? नारळाचं दूध कुठंय?”

“खवणी नाही. वादळात गेली.”

मी कपाळाला हात लावला असता, पण मला कपाळ नाही.

आता केवड्याच्या बनात कोण राहतं ते तुम्हाला ठाऊक नसेल. नारळ फोडणारा मोठा खेकडा राहतो. ताटाएवढा देह आणि नांग्या अशा की करवंटी कडकन मोडते. दिवसभर बिळात झोपतो आणि सूर्य कलला की नाक वर करून निघतो. माझ्या दात्यांतल्या किसाचा वास त्याला आला. त्यानं माझी मान पकडली आणि लागला फरफटत न्यायला. “अरे मेल्या, मी नारळ नाही, खवणी आहे!” म्हणून मी जीव तोडून ओरडत होते, पण खेकड्याला कुठलं ऐकू येतं!

खरखर ऐकून वाइसाले बनात शिरला. त्याला खेकडा हवा होता. त्यानं तो पाठीकडून शिताफीनं उचलला, तर खाली लोंबकळत मी!

“उलामिला! तुमच्याकडचे खेकडे फार गुणी बरं का! वादळात गेलेली खवणी परत आणून देतात!” तो अंगणात येऊन पोट धरधरून हसला. शेजारपाजार गोळा झाला. सेरेइमाही हसली. मग वाइसाले माझ्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, “झकास आहे गं. केरेकेरे, ही मला दे. बायको रोज माझ्या नावानं खडे फोडते, आमची खवणी मोडली म्हणून.”

मित्रांनो, मी वाट पाहिली. म्हण! एकदा म्हण! नवऱ्याच्या हातची आहे म्हण! माणसाला तोंड कशाला दिलंय? पण खोटं पकडलं गेलेल्या बाईची मान खालीच राहिली.

“ने,” ती म्हणाली.

वाइसालेच्या घरी माझे हाल झाले म्हणणार नाही. त्याची बायको लितिया कामाची बाई होती. पण तिला पुसायची सवय नाही! खाऱ्या वाऱ्यात मला बाहेर ठेवायची. दात्यांवर गंज चढला, कोंबड्या अंगावर झोपायच्या. आणि माझं चित्त सगळं त्या समुद्राकडे. ये ना बाई! तुझा तौवू आहे तो! त्याच्या अंगावरचा सदरा मागितलास तरी त्याला द्यावा लागेल!

पावसाळा सरला आणि एका सकाळी तानिएलाची होडी किनाऱ्याला लागली. सुकाणूवर पेनी होता. तो नंतर सगळ्यांना सांगत होता, “वहिनी पहाटे दारात उभ्या. मी घाबरलो, म्हटलं कोण गेलं? तर म्हणतात, केरेकेरे, होडी दे. वहिनी! आणि मागतायत! मी चहासुद्धा प्यायलो नाही.”

रिवाज असा की पाहुण्यानं यांगोनाची, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाची, मुळं यजमानापुढे ठेवायची आणि हलक्या आवाजात नम्रपणे बोलायचं. उलामिलानं मुळं ठेवली. मग ती मुळंच पुन्हा पुन्हा सरळ करत बसली. सगळे चटईवर वाट पाहत बसलेले. तेवढ्यात तिची नजर दाराबाहेर गेली. माझ्या पाठीवर एक कोंबडी बसली होती.

“ए कासवतोंड्या!” ती कडाडली. “सडक्या नारळा! माझ्या खवणीवर कोंबड्या बसवतोस? तुझ्या टाळक्यावर बसव, तिथं तरी कुठं काय पीक येतंय! काढ माझी खवणी!”

सगळं घर हसण्यानं हादरलं. वाइसाले आडवा पडला. डोळे पुसत म्हणाला, “अगं, हवी होती तर तेव्हाच बोलायचं ना!”

“तुला कळायला नको?”

“कसं कळणार? तू तर वादळात गेली म्हणालीस!”

“गेली ती खवणी नाही रे,” उलामिला म्हणाली. “तो गेला. ही त्याच्या हातची आहे. एवढीच राहिलीय.”

हसू थांबलं. वाइसाले उठला, कोंबडीला हाकललं, आणि आपल्या चांगल्या सदऱ्यानं माझा एकेक दाता पुसून मला तिच्यापुढे ठेवलं. “आम्हाला ठाऊक नव्हतं गं,” तो म्हणाला. “आणखी काय हवंय? माग. आज सगळं माग.”

उलामिलानं माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला.

“भूक लागलीय,” ती म्हणाली. “जेवायला वाढ.”

लितियानं नारळ फोडला आणि ती माझ्यावर बसली. मी उलामिलाच्या घरी पाहुण्यांसाठी खवलं, मर्तिकाला खवलं, लग्नांना खवलं, सगळ्या गावासाठी खवलं. त्या दुपारी पहिल्यांदा मी तिच्यासाठी खवत होते आणि ती भिंतीला टेकून, पाय पसरून, नुसती बसली होती. गंजलेल्या दात्यांनी मी जमेल तेवढा बारीक कीस पाडला.

तर मित्रांनो, मला वापरा, मागून न्या, पण धुवा, पुसा आणि कोरड्या जागी ठेवा. आणि मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवायला वाढत नाही, ही म्हण तुम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणता ना? मग आज घरी गेलात की एवढं तरी विचारा, आईला कोण वाढतं?