कडी बाहेरून

कामोठ्यातल्या त्या सोसायटीच्या मागे, नाल्यापलीकडे, वसतिगृहाची एक बंद इमारत कित्येक वर्षं नुसती उभी होती. यंदा दिवाळीनंतर तिला अचानक रंग लागला. मग कंपाउंडची भिंत उंच झाली, भिंतीवर काटेरी तारेची वेटोळी आली आणि गेटवर बंदूकवाला येऊन बसला. पाटी मात्र लागली नाही. सरकारने लावली नाही म्हटल्यावर लोकांनी आपापली लावली. सोसायटीचा सेक्रेटरी आशुतोष याने ग्रुपवर लिहिलं, की इथे गुपचूप छावणी होतेय, ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना उचलून आत टाकणार. खाली बऱ्याच जणांनी हात जोडले. एकाने पार्किंगचा विषय काढला.

त्याच सोसायटीतल्या श्यामसुंदर राजाध्यक्षांनी ते वाचलं आणि सोडून दिलं. त्यांचं आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं. सरकार एखादी गोष्ट गुपचूप करू शकेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

पण सोमवारी गोजरा कामाला आली नाही. ती त्यांच्याकडे धुणीभांडी करायची, मूळची परभणीकडची, मुलीला घेऊन कळंबोलीच्या झोपडपट्टीत राहायची. त्यांच्या बायकोने, जयमालाबाईंनी, फोन लावला.

"काकू, म्या बहिनीकडं आलेय, कोपरखैरण्याला," गोजरा म्हणाली. "झोपडी जळाली तवा समदे कागद गेले माझे. मला धरलं तर पोरीचं कोन बघंल?"

"अगं, कोण धरतंय तुला?"

"मंग त्या इमारतीत काय हाय, सांगा."

जयमालाबाईंना ते सांगता येईना. त्यांनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही सरकारी माणूस ना? जा, विचारून या."

श्यामसुंदर इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

"इथे काय होणार आहे?" त्यांनी गेटवरच्या शिपायाला विचारलं.

"तुम्हाला कशाला पाहिजे?"

"आमच्या कामवालीला सांगायचंय."

शिपायाला आजवर अनेकांनी अनेक कारणं सांगितली असतील, पण हे नवीन होतं. त्याने त्यांना आत नेलं, मोबाइल काढून घेतला आणि एका खोलीत बसवलं. बाहेर पडायला गेले तर म्हणाला, साहेब येईस्तोवर बसा. साहेब पनवेलला गेले होते. दुपार उलटून गेली. मधे चहा आला. दार अर्धं उघडं होतं, त्यातून समोरचा बोळ दिसत होता. ओळीने खोल्या, नव्या लोखंडी खाटा, अजून प्लॅस्टिकही न काढलेल्या गाद्या. प्रत्येक दाराला कडी होती, आणि ती बाहेरून होती. श्यामसुंदरांनी आपल्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूलाही शोधून पाहिली. नव्हती. मग त्यांना चहा गोड लागेना.

साहेब आले ते घाईतच. "कुठल्या संघटनेचे तुम्ही?"

"ज्येष्ठ नागरिक संघाचा. पण हास्यक्लबात जात नाही."

साहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं आणि आवाज खाली आणला. "काका, व्हिसा संपलेले परदेशी लोक असतात. परत पाठवेपर्यंत त्यांना इथे ठेवायचं. बाकी सगळ्या अफवा."

"मग तशी पाटी लावा ना."

"पाटी मंजूर व्हायचीय."

"आणि एखाद्या बाईकडे कागदच नसतील, तर ती इथली की बाहेरची, हे कोण ठरवणार?"

"ते ठरवणारे वेगळे. आम्ही फक्त ठेवतो," साहेब म्हणाले. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मोबाइल परत दिला आणि शिपायाला सांगितलं, काकांना नाल्यापर्यंत सोड, तिकडे चिखल आहे.

श्यामसुंदर घरी आले तर हॉलभर माणसं. 'काकांना उचललं' असं आशुतोषने दुपारीच ग्रुपवर टाकलं होतं.

"काका, मारलं का?"

"चहा दिला."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "धमकी दिलेली दिसतेय," आशुतोष हळूच म्हणाला. सगळे हळहळत आपापल्या घरी गेले.

रविवारी दोघं नवराबायको कोपरखैरण्याला गेली. गोजराच्या बहिणीची चाळीतली खोली, दारात पाण्याचं पिंप. गोजराने पोरीला बाहेर खेळायला पाठवलं आणि समोर बसली.

"काका, तुमी आत जाऊन आलात. खरं सांगा. कडी कुठून हाय दाराला?"

जयमालाबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्याला हलकेच हात लावला. श्यामसुंदरांना तो कळला.

"बाहेरून," ते म्हणाले.

गोजराने मान डोलावली. रडली नाही, घाबरलेलीही दिसली नाही. म्हणाली, "हितं दोन घरची कामं लागल्यात मला. म्या आता तिकडं येत न्हाई." मग तिने चहा टाकला, आणि तो घेतल्याशिवाय दोघांना उठू दिलं नाही.

दोघं बसस्टॉपवर आली. जयमालाबाई म्हणाल्या, "खोटं बोलायला काय झालं होतं? आली असती ती."

"हो. आली असती."

"मग?"

"मग, पुढे तिला धरलं असतं तर?" श्यामसुंदर म्हणाले.

जयमालाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि बस येते का ते पाहू लागल्या. बस आली. दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली नाही.