उंबरठ्यावरची आपटी

घसरगुंडी मंडळात एक नियम होता आणि तो कवळीताईनं केलेला होता, त्यामुळे तो मोडायची कुणाची टाप नव्हती. मंडळ म्हणजे फोनवरचं, बरं का. स्की पायाला बांधून बर्फावरून घसरायची हौस असलेल्या चारेकशे माणसांचं. तिथं नवा माणूस आला की त्यानं 'उंबरठा' नावाच्या खोलीत आपली पहिली आपटी लिहायची. कुठं पडलात, कसे पडलात आणि पडताना कोण बघत होतं, ते खरं खरं. मग दिवस मावळायच्या आत निदान तीन जुन्यांनी त्याखाली आपापली पहिली आपटी लिहायची. एवढं झालं की तो माणूस आपला.

नियम साधा होता, पण त्यानं जादू केली होती. महागडे बूट घेऊन घरात लपून बसलेली माणसं उंबरठ्यावर येऊन मोकळी व्हायची. बाकीच्या मंडळांत नव्या माणसानं काही विचारलं की लोक नाकानं कांदे सोलत उत्तर द्यायचे, नाहीतर द्यायचेच नाहीत. इथं मात्र कवळीताई दारातच उभी. आठ वर्षांत एकही नवखा तिनं बिनस्वागताचा सोडला नव्हता. ताप असला तरी नाही.

कवळीताई हे मंडळानं ठेवलेलं नाव. ती दातांच्या कवळ्या करायची. दवाखान्यांतून तोंडाची मापं यायची, त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग घासूनपुसून अशी कवळी तयार करायची की घालणाऱ्याच्या बायकोलाही विसर पडावा. नुसत्या हसण्यावरून समोरच्याचे खरे दात किती आणि खोटे किती, ते ती सांगायची. त्या नजरेचा तिला फार अभिमान होता.

आता तिची स्वतःची आपटी ऐका, कारण सगळं त्यावरच उभं आहे. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला. त्याला स्कीचं वेड, हिला बर्फाचं नावही नको असायचं. तो गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ही त्याचे बूट आणि त्याच्या स्की घेऊन एकटीच उतारावर गेली. बूट तीन नंबरनं मोठे, म्हणून एकावर एक तीन मोजे घातले. व्हायचं तेच झालं. लहान पोरांच्या उतारावरून ही उलटी घसरत गेली ती थेट खालच्या चहाच्या टपरीच्या बाकांपर्यंत. तिथं पाय बुटातून सुटला, बूट स्कीसकट एकटाच पुढं निघून गेला आणि ही बर्फात तीन मोज्यांवर उभी. बाकांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काय माहीत ते बूट कुणाचे होते.

घरी येऊन तिनं मंडळात नाव घातलं आणि हे सगळं तिथं लिहिलं. का लिहिलं, तिलाही सांगता आलं नसतं. आणि शेवटी लिहिलं की बूट मी उद्या कुणाला तरी देऊन टाकणार आहे.

त्याखाली एकच उत्तर आलं, उतारदादाचं. हा मंडळाचा जुना खांब, व्यवसायानं गाडी शिकवणारा. त्यानं लिहिलं होतं, 'बूट देऊ नका. मीही माझ्या गेलेल्या भावाचे बूट घालून असाच आपटलो होतो. पुढच्या वर्षी आत जाड तळवे घालून तेच बूट वापरले. अजून वापरतो.' तारीखही दिली होती, भाऊ गेल्याची.

बूट तिनं दिले नाहीत. पुढच्या वर्षी तळवे घातले, तरी तीन मोजे लागायचेच. ती शिकली. त्या एका उत्तरानं तिला हात धरून उठवलं होतं, तसं आपण सगळ्यांना उठवायचं, असं म्हणून तिनं आपटीचा नियम काढला. आणि दर वर्षी त्या तारखेला ती दादाला न चुकता निरोप पाठवायची. 'आज भावाची आठवण येत असेल. सांभाळून राहा.' दादाही न चुकता हात जोडल्याचं चित्र पाठवायचा.

या मंगळवारी उंबरठ्यावर एक शिंपीकाका आले. सत्तरीला टेकलेले, नात आठ वर्षांची. नातीबरोबर आपणही शिकू म्हणून गेले. आधी दोन दिवस नुसतेच 'नमस्कार' लिहून गप्प बसले होते. कवळीताईनं खाजगीत विचारलं, "काका, आपटी नाही लिहिलीत?"

"ताई, लिहिण्यासारखी नाही."

"इथं कुणी हसत नाही, काका. माझा शब्द."

त्या शब्दावर त्यांनी लिहिलं. नवशिक्यांना वर नेणारा सरकता पट्टा असतो, त्यावर ते पडले, आणि त्यांच्यामागं सात पोरं एकापाठोपाठ एक आडवी झाली. पट्टा थांबवावा लागला. शिकवणाऱ्या बाईनं नातीला विचारलं, हे आजोबा तुझ्याबरोबरचे का? नात म्हणाली, नाही. घरी कुणाला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी नात पुन्हा जाणार होती आणि आपण जावं की गुडघ्याचं निमित्त सांगावं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

वाचून कवळीताईचे डोळे भरून आले. तिनं आपली तीन मोज्यांची आपटी खाली टाकली. दोघांनी आणखी दोन टाकल्या. उतारदादानं लिहिलं, 'काका, माझ्याही नातीनं अशीच ओळख नाकारली होती. मी दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो.' शिंपीकाकांनी लिहिलं, 'मग मीही जातो.' कवळीताईचा जीव भांड्यात पडला.

आता हे शुक्रवारचं. दुपारचा डबा संपवून ती कामाच्या टेबलाशी हात पुसत होती आणि फोन उघडला. त्याच आठवड्यात मंडळानं जुनी जागा सोडून नव्या अ‍ॅपमध्ये संसार हलवला होता. तिथं पाच वर्षं झालेल्या प्रत्येक सभासदाला सगळ्या खोल्या आपोआप उघडत होत्या. उंबरठ्याच्या खाली तिला एक नवीच खोली दिसली. नाव होतं 'माजघर'. नवी कसली, नऊ वर्षांची जुनी. तिलाच कधी आत घेतलेलं नव्हतं.

वरच एक यादी टाचून ठेवली होती, 'तयार आपट्या'. एक ते अडतीस. झाडाला धडकलो. लिफ्टच्या खुर्चीनं मागून ढकललं. विजार फाटली. कुणी, कधी, कुणाला दिली त्याची नोंद, म्हणजे एकाच नवख्याला दोनदा जायला नको. कुणीतरी मागंच लिहून ठेवलं होतं, 'ताईच्या नियमापायी रोज रोज खऱ्या आपट्या कुठून आणायच्या? यातली उचला, थोडी बदला, चिकटवा.' एकोणीस नंबरला होतं, 'नातीनं ओळख नाकारली.' समोर कालची तारीख, उतारदादा. बाकीच्या दोघांनी टाकलेल्याही याच यादीतल्या, कालच्याच तारखेच्या.

दादाला नात नव्हती. मुलगीच अजून शिकत होती. हे कवळीताईला माहीत होतं, आणि काल वाचताना तिच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. त्या अभिमानाच्या नजरेला काय झालं होतं कोण जाणे.

तिनं बोट वर सरकवलं. एक नंबर. 'गेलेल्या भावाचे बूट. ही फक्त कवळीताईची. दुसऱ्या कुणाला देऊ नये, ती सगळं वाचते.'

तिनं ते तीनदा वाचलं. मग टेबलावरची कवळी बाजूला सरकवली.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. खाली दर वर्षाचं मतदान होतं, 'वर्षाची आपटी'. नऊ वर्षांपूर्वीची, पहिली विजेती ती स्वतः. नाव दिलं होतं 'तीन मोजे'. मांडली होती दादानंच. त्याखाली हसून गडबडा लोळणारी चित्रं, ओळीनं. पुढं दर वर्षी त्या तारखेला कुणीतरी लिहिलेलं, 'दादा, आला का निरोप? भाऊसाहेबांना आमचाही नमस्कार.' आणि यंदाच्या मतदानात सगळ्यात वर, कालपासून अकरा मतं घेऊन, शिंपीकाका.

तिनं दादाला फोन लावला. तो गाडीत होता. शिकाऊ मुलीला गाडी बाजूला घ्यायला सांगून म्हणाला, "बोल गं."

"दादा, तुम्हाला भाऊ होता का?"

पलीकडे त्यानं गाडीचं इंडिकेटर बंद केलं.

"तू माजघरात गेलीस का?"

"होता की नव्हता?"

"नव्हता. एकुलता एक मी." मग म्हणाला, "अगं, मला वाटलं तुला कुणीतरी केव्हाच आत घेतलं असेल. इतकी वर्षं झाली. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं घेतलं असेल."

"म्हणजे मीही हसत असेन, असं वाटलं तुम्हाला?"

"हसणं म्हणजे काय गं. प्रेमानंच. तू तेव्हा रडत होतीस, बूट देऊन टाकणार होतीस. काहीतरी लिहायला हवं होतं. मी लिहिलं. तू थांबलीस ना? बूट आहेत ना अजून?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिच्या जास्त जिव्हारी लागलं. तिला त्याला कडकडून बोलायचं होतं. शब्द आले ते वेगळेच. "नऊ वर्षं मी त्या माणसासाठी वाईट वाटून घेतलं, दादा. जो जन्मालाच आला नव्हता."

"चुकलंच. पण शिंप्याला काही सांगू नकोस हं. रविवारी जातोय बिचारा. उगीच विस्कटेल." मग त्याचा आवाज फोनपासून लांब गेला, "हं, आता आरशात बघ आणि हळूच गाडी काढ." आणि फोन बंद झाला.

हेच तर तिला छळत होतं. तो सांगत होता तेही बरोबर होतं. गप्प बसलं तर काका रविवारी जातील, नातीच्या शेजारी उभे राहतील. आणि इकडं अकराची वीस मतं होतील, तिनं दिलेल्या शब्दावर. बोललं तर काका घरी बसतील. कधी नव्हे ती कवळीताई हातातलं काम सोडून नुसती बसून राहिली. मेण थिजून गेलं.

तेवढ्यात शिंपीकाकांचाच निरोप आला. 'ताई, एक विचारू का? त्या दादांच्या नातीनं पुढं काय केलं? दुसऱ्या रविवारी ओळख दाखवली का?'

हो, दाखवली. एवढंच लिहायचं होतं. तिनं ते लिहिलंही. पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवला आणि तिला हात जोडल्याची ती नऊ चित्रं आठवली. तिनं ते पुसलं.

'काका, दादांना नात नाही. ती आपटी बनवलेली आहे. बाकी दोघांच्याही. मला आज कळलं. आत एक खोली आहे, तिथं तुमच्या आपटीवर हसतायत. मी तुम्हाला शब्द दिला होता, तो खोटा पडला. माझी चूक. पण माझी आपटी खरी आहे, काका. मी खरंच पडले होते. तुम्ही एकटे नाही. म्हणाल तर रविवारी मी येते, पट्ट्याशी तुमच्या शेजारी उभी राहते.'

शेजारच्या टेबलावरची मुलगी यंत्रावर कवळी घासत होती, तिची घरघर तेवढी चालू होती. मग उत्तर आलं. काका सावकाश, जपून लिहायचे.

'ताई, राग मानू नका. तुमची आपटी मी आवडली म्हणून पुन्हा शोधली. मागच्या महिन्यात एका बाईंच्या खाली आहे. त्याच्या आधी एका विद्यार्थ्याच्या खाली आहे. शब्द न् शब्द तीच. चहाची टपरी, टाळ्या, तीन मोजे. तुमची तरी खरी आहे ना?'

कवळीताईनं फोनमधली टिपणं उघडली. ती आपटी तिनं फोनमध्ये लिहून साठवून ठेवली होती. दर वेळी नवऱ्याच्या बुटांबद्दल नव्यानं लिहायला जीव होत नसे. म्हणून उचलायची आणि चिकटवायची. प्रत्येक नवख्याच्या खाली.

तिनं लिहिलं, 'खरी आहे.' आणि त्या दोन शब्दांकडं बघत राहिली. खोटी असती तरी तिनं हेच दोन शब्द लिहिले असते. बुटांचा फोटो काढून पाठवावा असं मनात आलं. पण मोठे बूट काय, कुणाच्याही घरात असतात.

काकांचं उत्तर आलं, 'बरं.'

गिऱ्हाईक म्हणतं, कपडे उद्या नक्की न्यायला येतो, तेव्हा शिंपी म्हणतो तसलं 'बरं'. त्याखाली थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली. 'रविवारी गुडघ्याचं सांगतो घरी. तुम्ही तसदी घेऊ नका.'