रंगवलेला रांजण

मित्रांनो, मी बेसा चौकातल्या पाणपोईवरचा रांजण आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. नव्या रांजणाला भरपूर घाम येतो आणि पाणी गार होतं. माझा घाम आता बेताचाच. कुंभाराने मला घडवलं, भाजलं, विकलं. तेव्हा मी कोणाचा, हे कुणी विचारलं नाही.

पाणपोई मनकर्णाबाईंची. घरचा हातमाग बंद पडला, मुलगा मौद्याला नोकरीला लागला, रिकामे हात स्वस्थ बसेनात. म्हणून त्या दर उन्हाळ्यात मला ओल्या गोणपाटात गुंडाळून लिंबाखाली बसवत आणि येईल त्याच्या ओंजळीत ओगराळ्याने पाणी ओतत. आसामचा गार्ड असो, विटा वाहणारी गोंड बाई असो की फ्लॅटमधले साहेब, ओगराळं एकच. कुणी नाक मुरडलं तर म्हणत, "पलीकडे दुकान आहे गा, बाटली घे."

यंदा शेजारी फ्लॅट बांधणाऱ्या कंपनीला दान करायची इच्छा झाली. ती दर मार्चात होते. कंपनीच्या नूपुर मॅडम बोलायला मोठ्या गोड. दानाने नाव होतं, नाव झालं की फ्लॅट जातात, फ्लॅट गेले की पुन्हा दान करता येतं, असं त्यांनी समजावलं. शिवाय पाण्याचा टँकर रोज येणार होता. बाईंना बाकीचं कळलं नाही, टँकर कळला.

मग माझ्या शेजारी चार नवे रांजण आले आणि पाठोपाठ चित्रकार. विविधतेचा सन्मान करायचा होता. एकावर गोंडी हरीण आलं, एकावर आसामी गमछ्याची नक्षी, एकावर भांगडा, एकावर राजस्थानी उंट. माझ्यावर नऊवारीतली बाई काढली. अशा रीतीने मी मराठी झालो. फोटो झकास आले. फक्त ऑइलपेंटने आमची छिद्रं बुजली आणि पाणी तापू लागलं.

त्याहून वाईट म्हणजे लोकांना चित्रं ताबडतोब समजली. पाटी नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं. पण वेगळं पाणी दिसलं की पुढचं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्याचं चित्र त्याचा रांजण झाला. "कुठूनही प्या गा," म्हणून म्हणून बाई थकल्या. साइटवर बहुतेक मजूर गोंड, त्यामुळे हरणाचा रांजण दुपारीच कोरडा पडे. उंटाकडे कुणी फिरकत नसे.

मे महिन्यातली दुपार. बाई जेवायला गेल्या होत्या. विटा वाहणारी शामला आली, तर हरीण रिकामं. ती माझ्याकडे वळली. तिथे रिक्षाची वाट पाहत उभे असलेले फ्लॅटमधले वामनराव अगदी प्रेमाने म्हणाले, "बाई, तुमचा तो हरणाचा. तुमच्यासाठीच तर केला कंपनीनं."

"हो जी," म्हणून शामला टँकरची वाट बघत उन्हातच बसली. मी तोंडोतोंड भरलेला होतो. मित्रांनो, रांजणाला स्वतःहून कलंडता येत नाही.

मनकर्णाबाई परतल्या तेव्हा ती भोवळ येऊन पडली होती. त्यांनी माझं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, घोटघोट पाजलं, पदराने वारा घातला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"भरल्या रांजणापाशी तहानेनं पडली वं तू. काहून नाही घेतलं?"

शामलाने माझ्यावरच्या नऊवारीकडे बोट दाखवलं.

बाईंनी विटेचा तुकडा घेतला आणि मला घासायला बसल्या. चित्रातल्या बाईचं नाक आधी गेलं. नूपुर मॅडम धावत आल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीला दानाचा पुरस्कार देणारे पाहणीला यायचे होते. चित्रं गेली तर टँकर बंद होईल, असं त्यांनी मऊ आवाजात सांगितलं. आमचा हेतू चांगला होता, हेही सांगितलं.

"हेतू चांगलाच होता पोरी," बाई हात न थांबवता म्हणाल्या. "तुह्या टँकरचं पाणी बी चांगलं होतं. पण तिच्या तोंडापर्यंत नाही पोचलं ना."

टँकर बंद झाला. चारही रांजण चित्रांसकट सॅम्पल फ्लॅटमध्ये गेले. त्यांत आता मनीप्लांट आहे म्हणतात. मी राहिलो. बाई गुडघे धरत नळावरून पाणी आणतात, कामावर जाता जाता शामला एक हंडा ओतून जाते. परवा वामनराव तिच्या मागे रांगेत उभे राहिले. आवडीने नाही, पारा सत्तेचाळीसवर होता. पण प्यायले.

मी थकलोय. अर्धा रंग अजून अंगावर आहे, त्यामुळे पाणी अर्धंच गार होतं. तेव्हा मित्रांनो, एवढं करा. रांजण आतून घासत जा, झाकण ठेवत जा, पिऊन झालं की मागच्याला जागा द्या. आणि आमचा सन्मान करायला कुणी रंगाचा डबा घेऊन आलंच, तर त्याला आधी ओंजळभर पाणी पाजा. मग डबा लपवा.