अवघड घर

बडबडी गेली ती माझ्याच तोंडामुळे.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे सरकार मदतनीस पाठवतं. सकाळी येऊन अंघोळ घालायची, केस विंचरायचे, जेवू घालायचं आणि दुपारी निजवून जायचं. माझ्याकडे यायची तिचं नाव मी बडबडी ठेवलं होतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. न्हाव्याचं भांडण, सासूचा गुडघा, बसमध्ये कोण कोणाच्या मांडीवर पडलं, सगळं जग ती माझ्या पलंगाशी आणून ओतायची. एकदा ऑफिसातल्या बाईंचा फोन आला, "मदतनीस कशी आहे, आजी?" मी हुरळून तिचं तोंडभरून कौतुक केलं. त्यानंतर बडबडी आलीच नाही. चांगल्या मदतनिसांना अवघड घरी पाठवतात, हे मला तेव्हा कळलं. अवघड घर म्हणजे जिथलं म्हातारं माणूस ओरडतं, चावतं, ताट फेकतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला की हो मी!

तिच्या जागी आली मौनीबाई. हे नावही मीच ठेवलेलं. उंचपुरी बाई, हात हळुवार, पण शब्दाला महाग. ती केस विंचरायची तेव्हा खोलीत आवाज फक्त कंगव्याचा. दारावरची घंटा वाजली की मला रोज वाटायचं, बडबडीच असेल. रोज दारात मौनीबाईच असायची.

मग मला युक्ती सुचली. आपलंच घर अवघड करायचं! चहा गार आहे म्हणून परत पाठवला, गरम करून आणला तर जीभ पोळली म्हणून ओरडले. अंघोळीच्या वेळी पलंगाची कड घट्ट धरून बसले. एक दिवस तर भाताचं ताट सरळ ढकलून दिलं. मौनीबाईने शितं वेचली, फरशी पुसली आणि दुसरं ताट वाढून आणलं. तिच्या नाकी नऊ आणायला गेले आणि दमले मीच.

दुपारी मला पांघरूण घातल्यावर ती लगेच उठायची नाही. मान कलती करून डोकं माझ्या उशीजवळ आणायची आणि थोडा वेळ तशीच बसायची.

"श्वास ऐकतेस का? चालू आहे अजून," मी एकदा खेकसले.

"सवय आहे, आजी," एवढंच म्हणाली.

अखेर ऑफिसातल्या बाई स्वतः आल्या. मी कपाळाला आठ्या घालून तयारच होते. त्यांनी मौनीबाईला विचारलं, "आजी त्रास देतात का? खरं सांग. घर अवघड असेल तर आधीचीला परत पाठवते."

माझा जीव टांगणीला लागला. सांग ना गं, ताटाचं सांग!

"छे! आजी गुणी आहेत," ती म्हणाली.

बाई खूश होऊन निघून गेल्या आणि मी लहान पोरासारखी रडले. "कशाला खोटं बोललीस? मला ती हवी होती."

"माहीत आहे. झोपेत तिलाच हाका मारता." मौनीबाई पलंगाशी बसली. "मी आधी सरकारी पाळणाघरात होते. तिथली एक पोरगी माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपायची नाही. फार लळा लागला म्हणून मला तिथून हलवलं. तिला सांगूनसुद्धा येता आलं नाही. आता पुन्हा घर बदलायची ताकद नाही हो माझ्यात. ताटं फेका, पण मला राहू द्या."

एवढं ती आजवर कधी बोलली नव्हती. पांघरूण उलगडत म्हणाली, "कशी झोपत असेल ती आता?"

मला काय ठाऊक? मी आडवी झाले. तिने पांघरूण घातलं, मान कलती केली. मी हात बाहेर काढून तिच्या कानाची पाळी चिमटीत धरली. मला बडबडीच आठवत होती. तिलाही माझी बोटं त्या पोरीपेक्षा मोठीच वाटली असणार. पण डोळा लागेपर्यंत मी सोडलं नाही आणि तीही हलली नाही.